वर्णन उपलब्ध नाही

४ मार्च, सोमवार. सकाळी ९.४०

ज्या कोणा इंजिनिअरने मशीनच्या बिघाडाचे कोड वाचणाऱ्या या स्कॅनरची वायर सव्वा मीटरच ठेवली, त्याला मी या वहीत पूर्ण विचारांती दोषी ठरवत आहे. मशीनचं सॉकेट सीटच्या मागे, अगदी खाली. स्क्रीन वाचायचा तर माणसाने गुडघे टेकायचे, मान वाकडी करायची आणि पार्श्वभाग केबिनच्या दाराबाहेर काढायचा. खाली गिऱ्हाईक उभं असतं. निदान करणाऱ्या तज्ज्ञाचं त्याला जे पहिलं दर्शन घडतं, ते विश्वास वाढवणारं नसतं. कंपनीला कडक शब्दांत ईमेल करायचा. मसुदा तयार आहे. पाठवताना थोडा मऊ करावा लागेल, वॉरंटी अजून चालू आहे.

आजपासून यार्डाची वही वेगळी, ही वेगळी. ही फक्त माझ्यासाठी. माझा निदानाचा अनुभव कुठेतरी नोंदला गेला पाहिजे. जुन्या एक्स्कॅव्हेटरच्या धंद्यात (लोक पोकलेन म्हणतात, मी लेटरहेडवर आहे तसं लिहितो) मला दोनच वर्षं झाली, हे खरं. पण त्याआधी चौदा वर्षं फोटोकॉपीची मशिनं विकली. तत्त्व एकच. मशीन कोड दाखवतं, माणूस वाचतो, ज्या पार्टचं नाव येतं तो पार्ट बदलतो. लोकांनी उगाच याचं शास्त्र करून ठेवलंय.

दुपारी १२.१५

वीस टनी मशीन मौनीने घेतलंय. शनिवारी ट्रेलरवर चढणार. मौनी हे त्याचं खरं नाव नव्हे, यार्डाने ठेवलेलं. बावीस वर्षं दुसऱ्यांची मशिनं चालवली, दिवसाला चार शब्द बोलतो. गेल्या महिन्यात नोकरी सोडली. हे त्याचं पहिलं स्वतःचं मशीन. येत्या सोमवारी सकाळी आठला पाण्याच्या पाइपलाइनची चर खोदायचं काम सुरू. चार महिन्यांचं. ठेकेदाराने बजावलंय की आठला मशीन जागेवर दिसलं नाही तर तो दुसऱ्याचं उभं करणार.

भरपूर वेळ आहे.

दुपारी ४

मशीन हवाली करताना इंजिन चमकलं पाहिजे, हा माझा नियम. प्रेशर वॉशर स्वतः हातात घेतला आणि आठ वर्षांची घाण सांदीकोपऱ्यांतून काढली. मौनी जवळ येऊन काहीतरी म्हणाला. वॉशरचा आवाज फार. 'इंजिनावर पाणी मारू नका' असं काहीसं ऐकू आलं. म्हणजे, ऐकू आलं नाही असं म्हणता येईल इतपतच. आजचे चारही शब्द त्याने यावर उडवले. ऑपरेटर लोकांना सौंदर्यदृष्टी कमी.

फोटो काढले. बायको म्हणाली, लग्नाच्या फोटोतसुद्धा तुम्ही या इंजिनाएवढे चमकत नव्हतात. कौतुक म्हणून घेतलं.

५ मार्च, मंगळवार. सकाळी १०.०५

स्टार्ट केलं. पिवळा दिवा. इंजिन बाराशे आरपीएमच्या वर जाईना. बकेट मातीत घातली की मशीन जिने चढलेल्या माणसासारखं धापा टाकतं. मौनी बघत होता. मी हसून दाखवलं.

१०.३०

गुडघे टेकले. चार कोड. टर्बोच्या हवेचा प्रेशर सेन्सर, इंजिन ऑइलचा प्रेशर सेन्सर, डिझेल रेलचा (म्हणजे इंजिनाला दाबाने डिझेल देणाऱ्या नळीचा) प्रेशर सेन्सर. चौथ्यापुढे नुसता आकडा आणि 'वर्णन उपलब्ध नाही'. ज्याला स्वतःची ओळख देता येत नाही अशा कोडला मी किंमत देत नाही. सोडून दिला.

१०.३४

चारही कोड पुसले. दिवा गेला. मशीन बरं. निदान आणि उपचार मिळून चार मिनिटं. ऑफिसात जाऊन बायकोला सांगितलं. ती बिलं लावत होती. मान वर न करता म्हणाली, बघा हं. त्या 'हं'मध्ये जे होतं ते सुखी संसारात असू नये.

१०.४५

कोड परत आले. चारही. क्रमसुद्धा तोच.

दुपारी ३.२०

टर्बोवाला सेन्सर बदलला. कोपऱ्यात एक मेलेलं मशीन सुट्या भागांसाठी ठेवलंय, त्याचा काढून लावला. फरक नाही. अर्थ उघड आहे. मेलेल्या मशीनचा सेन्सरही मेलेला असणार. माझी दिशा बरोबर, माल खराब.

६ मार्च, बुधवार. सकाळी ११

ऑइलचा सेन्सर काढला. इंजिन गरम आहे हे माझ्या लक्षात होतं. त्या भोकातून ऑइल बाहेर येतं, हे नव्हतं. शर्ट गेला. दुसरा सेन्सर लावला. कोड तेच.

मौनी सकाळी सातलाच येतो. बादली उलटी करून तिच्यावर बसतो. केबिनची काच पुसतो, जी त्याने कालच पुसली होती. काही विचारत नाही. विचारलं असतं तर सांगता आलं असतं, माझ्याकडे उत्तरं भरपूर आहेत. न विचारणाऱ्या माणसापुढे काय करायचं, हे कुठल्याच मॅन्युअलमध्ये नाही.

दुपारी १

मौनीच्या फोनवर ठेकेदार. मौनी 'हो' म्हणाला. मग पुन्हा 'हो'. मग माझ्याकडे बघत तिसऱ्यांदा 'हो'. या तिसऱ्या 'हो'ला मी इंजिनात डोकं घातलं. तिथे काम होतं.

संध्याकाळी ६

बायको म्हणाली, शेजारच्या मावशींना बोलवा. शेजारच्या गेटमध्ये सेल्फ-स्टार्टर आणि डायनॅमो भरून देणाऱ्या मावशींचं दुकान आहे. नवऱ्यामागे त्यांनीच चालवलं, वीस वर्षं झाली. बायकोला भाची मानतात, त्यामुळे मला चारचौघांत जावईबापू म्हणतात. मी बायकोला शांतपणे समजावलं की मावशी तांब्याची तार गुंडाळतात आणि हे कॉम्प्युटरचं काम आहे. ती म्हणाली, तुम्ही तर अडकलेले कागद ओढून काढायचात. मी रागाने जेवलो नाही.

६.४०

जेवलो.

७ मार्च, गुरुवार. सकाळी ८.३०

एकोणीस मिनिटांचा व्हिडिओ पाहिला. भाषा कळली नाही. पण तो माणूस ज्या आत्मविश्वासाने पाना फिरवत होता ती भाषा मला येते. आज रेलचा सेन्सर. आज प्रकरण संपवायचंच.

११.५०

बदलला. जरा जोर लावावा लागला.

दुपारी १२.१०

आता मशीन सुरूच होत नाही. सेल्फ फिरतो, इंजिन पकडत नाही. नव्या सेन्सरच्या बुडाशी डिझेल पाझरतंय. तरी एका अर्थी ही प्रगतीच. कालपर्यंत मशीनमध्ये बरेच दोष होते. आता एकच आहे.

दुपारी ३

मौनीची बायको डबा घेऊन आली. मशीनभोवती एक चक्कर मारली, बकेटच्या दातांवरून हात फिरवला. मग माझ्यासमोर उभी राहून म्हणाली, भाऊ, सोमवारी होईल ना? मी म्हटलं, हंड्रेड परसेंट. ती म्हणाली, तेवढं नको, होईल की नाही ते सांगा. मी म्हटलं, होईल. ती म्हणाली, यांच्या जुन्या मालकाने किल्ली घेताना सांगितलंय, परत आलास तर जागा भरलेली असेल. सहज म्हणाली, हवापाण्याबद्दल बोलावं तशी. शेजारणींना सांगून झालंय म्हणे, आमचं मशीन आलं.

गेली. मौनीने डबा उघडून अर्धा माझ्यापुढे सरकवला. नको म्हणता आलं नाही. 

८ मार्च, शुक्रवार. सकाळी ९

निष्कर्ष हाती आला. दोष कंट्रोलरचा, म्हणजे मशीनच्या मेंदूचा. इतके सेन्सर एकदम खोटं कसं बोलतील? ऐकणाराच बहिरा असला पाहिजे. चार पानी निदान अहवाल लिहिला. शीर्षकाखाली दोन रेघा. वाचून स्वतःलाच बरं वाटलं. वाक्यरचना उत्तम झाली आहे.

१०.३०

सप्लायरला फोन. नवा कंट्रोलर तीन आठवड्यांनी. मी म्हटलं, सोमवारी हवा. तो म्हणाला, कुठल्या महिन्यातला सोमवार?

११

मौनीला अहवाल वाचून दाखवला. तिसऱ्या पानापर्यंत त्याने ऐकलं. मग बोलला. महिन्याभराचा कोटा असावा. म्हणाला, साहेब, मालकांची मशिनं मी बावीस वर्षं धुतली. इंजिनाच्या प्रत्येक प्लगला प्लास्टिकची पिशवी बांधून धुतली. पिवळा दिवा कधी लागला नाही. एवढं बोलून उठला, बादली सुलटी करून नळाखाली ठेवली आणि गेला.

याचा इथे काय संबंध ते मला कळलं नाही. असं लिहितो आहे, कारण वही माझी आहे.

संध्याकाळी ५

चौथं पान कोणी ऐकलंच नाही. सगळ्यात चांगलं तेच होतं.

बायको शेजारच्या गेटमधून येताना दिसली. कुठे गेली होतीस विचारलं. म्हणाली, मावशीकडे. भाचीने जाऊ नये का?

९ मार्च, शनिवार. सकाळी ८.१५

मावशी आल्या. हातात मल्टिमीटर, त्याच्या पोटाला काळ्या टेपचं बँडेज. दारातूनच म्हणाल्या, काय जावईबापू, सेन्सरला पाच व्होल्ट पोचतात का बघितलंत? मी म्हटलं, स्कॅनर एवढ्या खोलात जात नाही. म्हणाल्या, तो नाही जात, तुम्ही जायचं.

मोजलं. पाच हवे तिथे सव्वा. मावशी म्हणाल्या, हे चारही एकाच वायरीवर जेवतात. एकाने सगळं सांडून टाकलं की बाकीचे उपाशी राहून ओरडतात. तुम्ही आपले ओरडणाऱ्यांना घराबाहेर काढत बसलात.

मग एकेकाचा प्लग काढत गेल्या. मौनी मीटर धरून; तोही आज सातलाच आला होता. टर्बो काढला, सव्वा. ऑइल काढला, सव्वा. रेल काढला, सव्वा. बायको ऑफिसच्या पायरीवर उभी. चौथा कुठाय, मावशींनी विचारलं. मी म्हटलं, त्याचं वर्णन उपलब्ध नाही.  त्या म्हणाल्या, आकडा तर आहे ना?

फोनवर आकडा सांगून त्यांनी अर्ध्या मिनिटात कोणाला तरी विचारलं. डिझेल फिल्टरच्या मागे, खालच्या अंगाला. हात घातला, प्लग ओढला. मौनी म्हणाला, पाच.

आणि प्लगमधून पाणी आलं. थेंब म्हटलं असतं, पण नव्हता तो थेंब. मावशींच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळ गेला.

कोणी धुतलं, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, हल्ली हवेत दमटपणा फार. बायकोने आभाळाकडे बघितलं. आभाळ ठणठणीत कोरडं होतं. मौनीकडे आजचे तीन शब्द शिल्लक होते. त्याने एक जरी वापरला असता तरी मी तिथेच गेलो असतो. वापरला नाही. मीटरकडे बघत राहिला.

दुपारी १२

प्लगच्या पिना हिरव्या पडलेल्या. पाच दिवस पाणी आणि करंट एकत्र कोंडले होते. एक पिन हातातच आली. नुसतं पुसून भागणार नव्हतं. स्पेअर पार्टच्या दुकानात तसा प्लग बुधवारच्या आधी नाही. ट्रेलरवाला दहाला आला, अकरापर्यंत थांबला. आत डोकावून म्हणाला, हे अजून उठलंच नाही होय? आणि दुसऱ्या भाड्याला निघून गेला. आता सोमवारी.

मावशी गेल्या आणि स्वतःच्या टेम्पोखालून तसाच तीन पिनांचा प्लग वायरीसकट कापून घेऊन आल्या. स्पीडोमीटरचा. बायको म्हणाली, अहो मावशी, टेम्पोचा काटा? त्या म्हणाल्या, त्या टेम्पोला काटा कशाला, मागचे किती हॉर्न मारतात त्यावरून कळतो वेग.

२.४०

प्लग जोडला. रेलचा मूळ सेन्सर मौनीने परत बसवला, डिझेलमधली हवा काढली. सेल्फ मारला. एक. दोन. तिसऱ्याला पकडलं. बाराशे. पंधराशे. अठराशे. दिवा नाही. मौनीने बूम, म्हणजे मशीनचा लांब हात, उचलला, पुढे नेला आणि वीस टनांच्या मशीनची बकेट जमिनीला अशी टेकवली की धूळ उडाली नाही. केबिनच्या काचेतून त्याचा चेहरा दिसत होता. मी दुसरीकडे बघितलं.

मग मी गुडघे टेकून जुने कोड पुसले. कोणीतरी पुसायलाच हवे होते.

१० मार्च, रविवार. सकाळी ८ ते दुपारी १

ट्रेलरवाल्यांना फोन. नऊ जणांना. तिघांचे ट्रेलर भरलेले, दोघे लग्नाला, एक आजारी, दोघांनी उचलला नाही. नवव्याने उचलला आणि म्हणाला की धंदा विकून टाकला, आता बरं वाटतंय.

दुपारी २

मौनीला सुचवलं की मशीन चालवतच न्यायचं का? अठ्ठावीसच किलोमीटर. त्याने जमिनीवर काडीने हिशोब केला. ताशी तीन किलोमीटर, तासभर चाललं की तासभर साखळी गार करायची, रात्री बंद, म्हणजे पोचायला मंगळवार सकाळ, आणि साखळीचे रोलर संपलेले, आणि रस्त्याचा जो काही चुराडा होईल तो वेगळा. काडीने सगळं पुसलं.

निश्चय केला होता की आज धीराचं काहीतरी बोलायचं. दोन वाक्यं तयार होती. दोन्हींमध्ये 'मी' आधी येत होता. नाही बोललो.

११ मार्च, सोमवार. सकाळी ७.५०

ट्रेलर नाही. मौनी गेटवर. इस्त्रीचा शर्ट घालून आलाय.

८.१०

ठेकेदाराचा फोन. मौनी 'हो' म्हणाला. एकदाच. फोन खिशात ठेवायला त्याला वेळ लागला.

११.४५

ट्रेलर आला. सरळ मातीतली चर दुसऱ्याच्या मशीनला गेली. मौनीच्या वाट्याला टेकडीकडचा खडकाळ तुकडा. दीड महिन्याचं काम, पुढचं पुढे बघू म्हणतो ठेकेदार. चार महिन्यांचे दीड झाले. खडकात बकेटचे दात किती टिकतात ते मला माहीत आहे. त्यालाही.

मशीन चढलं, साखळदंड आवळले. मी त्याच्याजवळ गेलो. मनात एक छान परिच्छेद होता, त्यात परिस्थिती, हवामान आणि कंपनीची वायरिंगची सदोष रचना असं सगळं होतं. तोंडातून निघालं ते एवढंच की पाणी मी मारलं, आणि तू सांगितलेलं मला ऐकू आलं होतं.

तो म्हणाला, माहीत आहे.

मग म्हणाला, मावशींचा नंबर द्या.

माझ्याकडे नव्हता. दोन वर्षं भिंतीला भिंत लागून आहे आणि नंबर नव्हता. बायकोकडून घेऊन दिला. माझा त्याच्याकडे आहेच. कशाला हवा ते मी विचारलं नाही.

संध्याकाळी ६

निदान अहवालाची चार पानं बायकोने पाठकोरी म्हणून ठेवून घेतली.

१४ मार्च, गुरुवार. सकाळी ७.१०

काल प्लग आला. आज मावशी दुकान उघडायच्या आत त्यांच्या टेम्पोखाली जाऊन आडवा झालो. तीन वायरी. मीटरने आधी तपासल्या. रंग बघून जोडल्या, परत बघितल्या, टेप लावली. रबर नीट बसलंय ना, हे बोटाने चाचपलं. बावीस मिनिटं लागली. तोंडात माती गेली.

सकाळी १०.३०

मावशी माल पोचवून आल्या. गेटवरूनच बायकोला म्हणाल्या, अगं, टेम्पोचा काटा आपोआप चालू झाला की. बेचाळीस दाखवत होता.

बायकोने माझ्या शर्टाच्या पाठीकडे बघितलं. तिथली माती हाताने झटकली. मावशीही बघत होत्या.

मी म्हटलं, जुन्या गाड्यांचं होतं असं कधीकधी.